काकीच्या साक्षीला मी दिलेलं नाव

नवापूरला एका फ्लेक्सच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, लग्न, निवडणूक, श्रद्धांजली, सगळ्यांचे बॅनर बनवते. फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून कापून घ्यायचा, चेहरा थोडा उजळ करायचा, मागे ढग नाहीतर फुलं टाकायची आणि वर जाड अक्षरात नाव लिहायचं. दुकानाचे मालक नंदुरबारकडचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांच्या अहिराणीत सांगितलं होतं, "तोंड मोठं कर, पोरी. लोके आधी तोंड दखतस, मंग नाव वाचतस." ते वाक्य मी पुढे चर्चमध्ये घेऊन गेले. मालकांचा त्यात काही दोष नाही. त्यांनी ते बॅनरसाठी सांगितलं होतं.

आमचं गाव गुजरातच्या हद्दीला लागून आहे. गावाच्या टोकाला पत्र्याचं आमचं चर्च. लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झालं तेव्हा पाळकांनी मोबाईलवर उपासना रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकायला सुरुवात केली. सगळं उघडल्यावरही ती थांबली नाही, कारण दिवाळी झाली की आमची अर्धी मंडळी गुजरातला ऊसतोडीला जाते. तिथे मुक्कामाच्या पडावावर, पालात बसून आपल्या बोलीतलं गाणं, आपल्या पाळकांचा आवाज ऐकता येतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. एकदा तिकडून कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की बायका भाकरी करता करता आपली उपासना लावतात. मला त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं. चॅनेलचं काम माझ्याकडे आलं ते असं. पाळक म्हणाले, "बेटा, तू दुकानात हेच करतेस ना? मग देवाच्या घरचंही कर."

सुरुवातीला मी काहीच विशेष करत नव्हते. चर्चचा बाहेरून काढलेला फोटो आणि खाली 'रविवारची उपासना'. बघणारे चाळीस-पन्नास, आणि त्यातले निम्मे आमच्याच गावचे. मग मी दुसऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागले. मोठमोठ्या मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, ज्यांना लाखो लोक बघतात. त्यांच्या चित्रावर एकच चेहरा असायचा, रडणारा नाहीतर आ वासलेला. पिवळी अक्षरं, त्यांना काळी किनार. नाव अर्धंच लिहिलेलं, म्हणजे पुढचं कळायला दाबावंच लागेल. मी वहीत टिपून ठेवायचे. 'सेवकाचा संदेश' असं लिहिलं की कुणी बघत नाही. 'या एका चुकीमुळे प्रार्थना ऐकली जात नाही' असं लिहिलं की बघतात. संदेश तोच असतो.

हे मी करून पाहिलं आणि खरंच आकडा वाढला. दोनशे, पाचशे, मग हजार. रविवारी उपासना सुटल्यावर पाळक मला हाक मारून विचारायचे, "किती झाले?" मी सांगितलं की ते हसायचे. त्यांचं ते हसणं मला आवडायचं, हे इथे लिहून टाकते. माझी आई सोडली तर माझ्या कामाकडे बघून असं कुणी हसलेलं नव्हतं.

काकी माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. उंच, हडकुळी बाई, बोलणं कमी आणि बोलली तर सरळ. भाताच्या लावणीच्या दिवसांत तिला शेतात नाग चावला. दुपारची वेळ होती. बांधावरून रोपांची जुडी उचलायला वाकली आणि हाताला चावला. काकांनी एक क्षण घालवला नाही. शेजाऱ्याची पिकअप उभी होती, तिच्यात तिला घातलं आणि मिशनच्या दवाखान्यात नेलं. जाताना काका तिचा हात धरून मोठमोठ्याने प्रार्थना करत होते, असं गाडी चालवणारा सांगतो. दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, शब्द फुटत नव्हता. लगेच विषावरची इंजेक्शनं सुरू झाली. श्वास बंद पडायला लागला तेव्हा श्वासाच्या मशीनवर ठेवलं. दोन दिवस ती मशीनवर होती. एका डॉक्टरांनी काकांना सांगितलं, "आम्ही आमच्याकडून सगळं करतोय. तुम्ही प्रार्थना करा." तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. पुढे आठ-दहा दिवसांनी घरी आली.

दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी तिने चर्चमध्ये साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. काकी याआधी कधी उभी राहिली नव्हती. त्या दिवशी केसांना तेल लावून, लेकीच्या लग्नातलं जांभळं लुगडं नेसून आली. हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून ती बोलली. देवाचे आभार मानले, काकांचे मानले, पिकअपवाल्याचे मानले आणि मग दवाखान्याबद्दल बराच वेळ बोलली. एक सिस्टर तिचं अंग पुसायची, कूस बदलून द्यायची, कानाशी येऊन 'मावशी, मी इथेच आहे' म्हणायची. काकी म्हणाली, "मला बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिचा आवाज मला ऐकू येत होता." इथे तिला रडू आलं. सगळी साक्ष मिळून ती त्या एकाच ठिकाणी रडली. बाकी वेळ तिचा चेहरा शांत होता आणि शेवटी तर ती लाजून हसलीही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तो व्हिडिओ उघडला आणि चित्रासाठी चेहरा शोधायला लागले. पुढे-मागे करत त्या रडण्याच्या जागी थांबले. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गालावर पाणी. मी ते कापून घेतलं. एका बाजूला इंटरनेटवरचा फणा काढलेला नाग ठेवला. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कोटातला, मान खाली घातलेला कुठला तरी परदेशी डॉक्टर. आणि वर पिवळ्या अक्षरात लिहिलं: 'नाग चावला, डॉक्टरांनी हात टेकले... आणि मग जे घडलं!'

लिहिताना मला कळत होतं. कळलं नाही असं मला म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, उलट दोन दिवस तेच तिच्यासाठी श्वास घेत होते. मी स्वतःला समजावलं की 'प्रार्थना करा' असं ते म्हणालेच होते, म्हणजे अर्थ तोच झाला. मनात अशी एक वाट काढली आणि बटण दाबलं. साक्षीतला दवाखान्याचा भाग लांब होता म्हणून तोही थोडा कापला. थोडा म्हणजे, सिस्टरची दोन वाक्यं ठेवली आणि बाकी काढून टाकला.

तो व्हिडिओ असा पळाला की मला भीती वाटायला हवी होती. चार दिवसांत दहा हजार. मग मी मोजणं सोडलं, पाळक मोजायला लागले. कुठून कुठून 'आमेन' यायला लागलं. त्याच आठवड्यात काकी संध्याकाळी आमच्या ओट्यावर आली. मुलाचा मोबाईल हातात होता. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे मराठीत सांगते.

"बाजारात एका बाईने मला ओळखलं," ती म्हणाली. "मोबाईलवर बघितलं म्हणे. दाखव जरा, काय आहे ते."

मी दाखवलं. तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"हा डॉक्टर कोण? माझा डॉक्टर असा नव्हता. काळासावळा होता, चष्मा होता त्याला."

"तो नुसता चित्रातला आहे, काकी."

"आणि माझं तोंड असं कशाला घेतलंस? मी हसले पण होते की."

मी म्हटलं, "रडणं बघून लोकांना विश्वास बसतो."

 तिने पिवळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंय? वाच."

काकीला वाचता येत नाही. तिच्या मुलाला येतं, पण तो ते वाचून दाखवण्याच्या भानगडीत पडला नसावा. तिने बोट ठेवलेल्या अक्षरांकडे बघत मी म्हणाले, "नाग चावला होता, देवाने वाचवलं. काकीची साक्ष. असं लिहिलंय."

"बरं," ती म्हणाली. चहा घेतला आणि गेली.

मी खूप चुका केल्यात. पण एवढी स्वच्छ, समोरासमोर केलेली चूक दुसरी नाही. शाळेत गेलेल्या माणसाने शाळेत न गेलेल्याशी करू नये तेच मी केलं होतं, आणि तेही तिच्याच चेहऱ्यावर लिहिलेल्या अक्षरांबद्दल.

त्या वेळी मात्र मला ते फार टोचलं नाही. कारण कौतुक चालू होतं. दुसऱ्या मंडळ्यांमधून फोन यायला लागले की आमच्या पोरांना शिकवा. शहाद्याजवळ लोणखेड्याला एका तरुणांच्या शिबिरात मला बोलावलं. मुलं-मुली वह्या घेऊन बसली होती. मी भिंतीवर काकीचं तेच चित्र मोठं करून दाखवलं आणि समजावून सांगितलं. चेहरा का रडणारा घेतला, तीन टिंबं का दिली, 'मग जे घडलं' एवढ्यावर का थांबवलं. एका मुलीने हात वर करून विचारलं, "ताई, डॉक्टरांनी खरंच हात टेकले होते का?" मी म्हणाले, "साक्षीत सगळं येतं, नावात सगळं सांगायचं नसतं." सगळे हसले. ती मुलगीही हसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. मी शिकवलेलं तिथून पुढे कुठे कुठे गेलं असेल, ते मला माहीत नाही.

नाताळ झाला आणि जानेवारीत काकी तपासणीसाठी दवाखान्यात गेली. ज्या हाताला चावलं होतं त्याची दोन बोटं अजून बधिर होती. संध्याकाळी ती परत आली ती सरळ आमच्याकडे. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली. मुलाचा मोबाईल पुन्हा हातात.

"परत वाच," ती म्हणाली.

"काय झालं काकी?"

"तू वाच. बोट ठेवून वाच. एकेक शब्द."

मी वाचलं. 'डॉक्टरांनी हात टेकले' हेही वाचलं. तीन टिंबंही तिने सोडू दिली नाहीत. "हे ठिपके कशाचे?" म्हणाली. मी म्हटलं, "पुढे काहीतरी आहे, असं सांगायला."

मग तिने सांगितलं. दवाखान्यात तीच सिस्टर भेटली होती. काकीने तिच्यासाठी घरचे पावटे नेले होते. सिस्टरने पावटे घेतले, हाताची बोटं बघितली, आणि मग हळूच विचारलं, "मावशी, आम्ही तुम्हाला सोडलं होतं का हो?" काकीला काही कळेना. तेव्हा सिस्टरने आपल्या मोबाईलवर काढून तिला वाचून दाखवलं.

"ती रागावली नाही," काकी म्हणाली. "रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझं अंग पुसलंय. माझी घाण काढलीये. तिला वाटलं, मी चर्चमध्ये उभी राहून तिच्याबद्दल असं बोलले."

मी म्हणाले, "काकी, माझी चूक झाली."

"चूक नाही झाली," ती म्हणाली. "मी तुला विचारलं होतं. तू दुसरंच वाचलंस."

 माझी आई आतून बाहेर आली, काय झालं विचारायला लागली, तर काकी तिला म्हणाली, "काही नाही, वहिनी. पोर शिकलेली आहे म्हणून तिच्याकडे वाचायला आणलं होतं." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी पाळकांकडे गेले. ते भाजीला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं, फक्त वाचण्याचं सांगायला जीभ वळत नव्हती. शेवटी तेही सांगितलं.

पाळक वाईट माणूस नाही. पंधरा वर्षं पायी फिरून त्यांनी ही मंडळी सांभाळली आहे. पण तेही क्षणभर अडले. म्हणाले, "अगं, पण डॉक्टर स्वतःच म्हणाले ना, प्रार्थना करा? आणि एवढे लोक ऐकतायत. नाव बदललं तर..."

"बघणारे कमी होतील," मी म्हणाले.

त्यांनी उरलेलं पाणी वांग्याच्या झाडाला घातलं. मग म्हणाले, "आकडा मीच विचारत होतो. तू एकटी नाहीस यात." त्यांनी हे माझा भार हलका व्हावा म्हणून म्हटलं असेल. माझा झाला नाही. आकडा त्यांनी विचारला होता, पण अक्षरं माझी होती.

मी तो व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर दोन-तीन दुसऱ्या चॅनेलनी तो उचलला होता. एकाने तर माझ्याच चित्रावर लाल बाण मारून 'दवाखान्यात नेऊ नका, हे बघा' असं लिहिलं होतं. मी त्यांना निरोप पाठवले, विनंती केली. एकाने काढला. बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही. दुकानात काम करता करता मी दर दोन तासांनी उघडून बघायचे. काकी तिथे रडतच असायची.

शेवटी मी काकीला म्हणाले, "मला सिस्टरची माफी मागायची आहे. तू येशील?" ती लगेच हो म्हणाली नाही. दोन दिवसांनी सकाळी तयार होऊन आली, "चल" म्हणाली. जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो. आख्ख्या रस्त्यात ती माझ्याशी बोलली नाही.

सिस्टर माझ्याच वयाची निघाली. मी वॉर्डाच्या दाराशी उभं राहून तिला सांगितलं की ते नाव मी लिहिलं होतं, काकीने तसं काही म्हटलं नव्हतं, उलट तुमच्याबद्दल ती बराच वेळ बोलली होती आणि ते मीच कापलं. सिस्टरच्या हातात औषधाचा ट्रे होता. तिने ऐकून घेतलं. मग काकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, मला वाटलंच होतं." काकीचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं. आता हे संपलं.

पण सिस्टर मला म्हणाली, "तुम्ही जरा आत या. एक पेशंट दाखवते."

शेवटच्या कॉटवर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. डाव्या पायाला घोट्यापासून खाली पट्टी. जवळ तिचा बाप बसला होता, वरच्या डोंगराळ भागातल्या गावचा. सिस्टरने मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. गवत आणायला गेलेल्या मुलीला घोणस चावली होती. घरच्यांनी नुकतंच चर्चला जायला सुरुवात केली होती. त्यांनी तिला दवाखान्यात नेण्याआधी दोन तास घरात बसून प्रार्थना केली. पाय काळा पडायला लागला तेव्हा आणलं. जीव वाचला, पण दोन बोटं काढावी लागली, आणि पायावरची बरीच कातडी गेली.

"आल्या दिवशी मी विचारलं, एवढा उशीर का केला," सिस्टर म्हणाली. "त्यांनी मोबाईल काढून मला तुमचा व्हिडिओ दाखवला."

 मी विचारलं, "लवकर आणलं असतं तर बोटं वाचली असती?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "घोणशीचं विष वाईट. कदाचित तरीही गेली असती. कदाचित."

तिचं ते 'कदाचित' मी कितीदा तरी मनात तोललं आहे. कधी ते मला सोडवतं, कधी नाही. सोडवतं त्या दिवशी माझीच मला जास्त लाज वाटते.

तेवढ्यात त्या बापाने काकीला ओळखलं. तो उठून उभा राहिला. "तुम्हीच ना त्या? नाग चावलेल्या?" त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याने मुलीला सांगितलं, "बघ, ह्या त्याच बाई." आणि काकीला म्हणाला, "आमच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवा."

काकी कॉटवर मुलीच्या शेजारी बसली. डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटून थोडं पुटपुटली. मग डोळे उघडून त्या माणसाला म्हणाली, "दादा, तुम्ही जे बघितलं ते पूर्ण नव्हतं. मला चावलं तेव्हा माझ्या नवऱ्याने पहिलं काय केलं माहीत आहे? गाडीत घातलं. प्रार्थना केली, पण गाडीत केली. हे डॉक्टर आणि ही सिस्टर, यांनी मला एक घडी सोडलं नाही. देवाने यांच्याच हाताने वाचवलं मला."

 त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. "पण त्यात तर..." एवढंच म्हणाला आणि मुलीच्या पायाकडे बघायला लागला.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. 'त्यात जे लिहिलं होतं ते मी लिहिलं,' एवढंच. काकी माझ्याकडे बघत नव्हती, सिस्टर बघत होती. मी बोलले नाही. परतताना जीपमध्ये काकी फक्त एवढंच म्हणाली, "मी सांगू शकले असते. पण ते सांगणं तुझं होतं."

पुढच्या आठवड्यात तिनेच सुचवलं की ती पुन्हा बोलेल. तिच्या अंगणात, दिवसाउजेडी, खुर्चीवर बसवून मी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. तिने चावल्यापासून घरी येईपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. मी एक अक्षर कापलं नाही. नाव काय द्यायचं, ते मी तिला विचारलं. ती विचार करून म्हणाली, "लिही, साप चावला तर आधी दवाखान्यात न्या. प्रार्थना गाडीत करा." मी तसंच लिहिलं, तिला एकेका शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं आणि चित्रावर तिचा शांत चेहरा घेतला. नाग नाही, परदेशी डॉक्टर नाही. तो व्हिडिओ आजवर फार तर तीनशे लोकांनी बघितला असेल. पाळकांनी तो मंडळीत मोठ्याने लावला, दवाखान्याच्या सिस्टरने आपल्या ग्रुपवर टाकला. तेवढंच. लोणखेड्याच्या शिबिरातल्या मुलांना मी लांबलचक निरोप पाठवला की मी शिकवलं ते चुकीचं होतं. काहींनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. हात वर करणारी ती मुलगी निरोप गेलेल्यांत होती की नाही, मला माहीत नाही. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

त्या बापाला मी पुन्हा भेटले ते होळीच्या आधी. मुलीची पट्टी बदलायला तो कधी येतो, ते मी सिस्टरला विचारून ठेवलं होतं. दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. दवाखान्याच्या आवारात तो मुलीला पाठीवर घेऊन निघाला होता. मी समोर गेले आणि या वेळी सांगून टाकलं. डॉक्टरांबद्दलचं ते वाक्य खोटं होतं, ते मी लिहिलं होतं, लोकांनी जास्त बघावं म्हणून लिहिलं होतं.

तो मला शिव्या देईल, याची मी तयारी केली होती. त्याने दिल्या नाहीत. कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मग ती बाई खोटी?"

"नाही. बाई खरी आहे. तिला काहीच माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही."

"मलाही नीट येत नाही," तो म्हणाला. "पोरीनेच वाचून दाखवलं होतं. ती शाळेत जाते."

पाठीवरची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला आमचं बोलणं कळत होतं की नाही, सांगता येणार नाही. मी माफी मागितली. तो "हं" म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही. एस.टी.ची वेळ झाली होती, पाठीवरचं ओझं वर सरकवून घेतलं आणि निघून गेला.

चॅनेलचं काम मी सोडणार होते. पाळक म्हणाले, "सोडून काय होईल? नीट कर." म्हणून करते. आता ज्याची साक्ष त्याला आधी नाव वाचून दाखवते. वाचता येणाऱ्यालाही दाखवते. एकदा एका म्हाताऱ्या आजोबांनी चार वेळा बदलायला लावलं. रविवारचा व्हिडिओ कधी मंगळवारी जातो, कधी बुधवारी. पडावावरचे लोक कुरकुर करतात. काकी माझ्याशी बोलते, पूर्वीसारखं ओट्यावर येऊन बसते, पण वाचायचं काही असलं तर मुलाकडून वाचून घेते. बिलं, दवाखान्याचे कागद, सगळं. माझ्याकडे आणत नाही.

ती मुलगी पुन्हा शाळेत जायला लागली आहे, असं सिस्टरने सांगितलं. कशी चालते, ते मी विचारलेलं नाही. मी तिला पाहिलं ते दोनच वेळा, एकदा कॉटवर आणि एकदा बापाच्या पाठीवर. विचारलं तर सिस्टर सांगेल. अजून विचारायचं धाडस झालेलं नाही.